३४ पैकी २१ जणांचं उत्तर बरोबर आलं, आणि तिथेच मी फसले (वर्गातल्या ऑनलाइन क्विझबद्दल)

खडूची_भुकटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला गणित-विज्ञान शिकवते. पट ३४. शाळेत एक प्रोजेक्टर, दोन टॅब (एकाची बॅटरी फुगलेली) आणि माझा स्वतःचा फोन, एवढं भांडवल.

गेल्या वर्षापासून मी प्लिकर्स वापरते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुलांकडे फोन लागत नाही. प्रत्येकाला कागदावर छापलेलं एक कार्ड द्यायचं, त्यावर चौकटींची काळी नक्षी असते आणि चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती कड वर करून कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. अक्षर इतकं बारीक की शेजारच्याला दिसत नाही, आणि प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, त्यामुळे कॉपी करायची तर मान बरीच वाकडी करावी लागते. साधा संच ४० कार्डांचा, आमच्या पटाला पुरून उरतो. (कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका. उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला काही दिसत नाही. माझे त्यात पैसे गेले.)

तर परवाची गोष्ट. दशांश अपूर्णांक शिकवून संपले होते. म्हणजे माझे संपले होते. प्रश्न टाकला: यातली सर्वांत मोठी संख्या कोणती? ०.४५, ०.६, ०.१२५, ०.०९.

२१ जणांनी ०.६ धरलं. ९ जणांनी ०.१२५, तिघांनी ०.४५, एकाने ०.०९. साठ टक्क्यांच्या वर बरोबर. ०.१२५ वाल्यांचं काय चुकतंय ते लगेच कळलं: त्यांना पॉइंटच्या पुढे 'एकशे पंचवीस' दिसतात आणि एकशे पंचवीस सहापेक्षा मोठेच. त्या नऊ जणांना घेऊन बसायचं ठरवलं आणि बाकीच्यांना पुढचा धडा.

फळा पुसताना सहज म्हणून अजून एक प्रश्न टाकला. ०.३, ०.७५, ०.४२३, ०.२१ यांतली सर्वांत मोठी?

आधी बरोबर आलेल्या २१ मधल्या सात जणांनी ०.३ धरलं!

एकीला विचारलं, का गं? ती म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगितलं ना, दशांश मोठा असतो आणि शतांश लहान. ०.३ मध्ये नुसते दशांश आहेत. ०.७५ मध्ये शतांश आलेत, म्हणून ते लहान."

मी खरंच तसं सांगितलं होतं. एक दशांश हा एक शतांशापेक्षा मोठा, हे वाक्य माझंच. या मुलांचा नियम 'आकडे कमी तेवढी संख्या मोठी' असा झाला होता, आणि माझा पहिला प्रश्न असा होता की तो चुकीचा नियम वापरूनही उत्तर बरोबर येत होतं. म्हणजे नऊ जण नव्हे, सोळा जण अडकलेले. त्यातले सात मला 'हुशार' म्हणून दिसत होते.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. आपण क्विझ घेतो, रंगीत आलेख येतो, ६२ टक्के दिसले की बरं वाटतं. पण त्यातून उद्या सकाळी वर्गात काय वेगळं करायचं ते कळत नसेल तर तो सगळा खेळच. तुम्ही कोण कोण वापरता, काय वापरता, आणि चुकीचे पर्याय कसे ठरवता? मला पर्यायांबद्दल जास्त ऐकायचंय.

निवृत्त_मास्तर

बाई, प्रश्नांची जोडी आवडली. आम्ही ३४ वर्षं हेच केलं, यंत्राचं नाव होतं पाटी. प्रश्न सांगायचा, लिहायला अर्धा मिनिट, मग "पाट्या वर!" एका नजरेत चाळीस उत्तरं. आणि तुमच्या कार्डात जे नाही ते पाटीत आहे: पर्याय नसतात. मुलगा काय लिहील ते आधी ठरलेलं नसतं. १/२ + १/३ विचारलं की २/५ लिहिणारे सात-आठ हमखास, पण एखादा असा महाभाग निघतो की त्याचं उत्तर बघून आपल्यालाच विचार करायला लागतो. तो महाभाग बहुपर्यायीमध्ये कधी सापडायचा नाही.

मान्य, पाटी थुंकी लावून पुसली की पुरावा नष्ट. मागच्या महिन्यात कोण चुकलं होतं हे डोक्यातच ठेवावं लागायचं. तेवढ्यापुरता तुमचा फोन सरस.

चष्मेबहाद्दर

बी.एड.च्या मुलांना मूल्यमापन हा विषय शिकवतो, त्यामुळे लांबण लागेल, माफी.

आपल्याकडे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि 'आकारिक' हा शब्द घरोघरी पोचला. घडत असताना घडणीची पाहणी, असा त्यातला भाव. मूळ इंग्रजी संज्ञा 'फॉर्मेटिव्ह' मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये वापरली, ती अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनाबद्दल. मुलांच्या रोजच्या शिकण्याशी तिची घट्ट गाठ बांधली ती पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या शिक्षणतज्ज्ञांच्या १९९८ च्या मांडणीने. त्यांचं म्हणणं साधारण असं: मिळालेल्या माहितीवरून शिकवणं बदललं तरच ते आकारिक. नुसती माहिती गोळा झाली तर नाही. धागाकर्तीने दुसऱ्या प्रश्नानंतर बेत बदलला, तो क्षण आकारिक. पहिल्या प्रश्नापाशी थांबली असती तर ती नुसती छोटी परीक्षा.

आपल्या शाळांत याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सहावीला आकारिक ५०, संकलित (म्हणजे सत्राअखेरची परीक्षा) ५०. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी तंत्रं छान दिली होती. हाती उरले ते गुणांचे रकाने आणि 'वर्गात उत्साहाने सहभागी होतो' छापाच्या वर्णनात्मक नोंदी, गाइडमधून उतरवलेल्या. आता ऑनलाइन क्विझ आली की पहिला प्रश्न येतो: सर, याचे मार्क आकारिकमध्ये धरायचे का?

माझं मत, धरू नका. रूथ बटलर यांचा १९८८ चा एक अभ्यास मी दर वर्षी शिकवतो. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांची गत नुसते गुण मिळालेल्यांसारखीच झाली, आकडा दिसला की शेरा कोण वाचतो! क्विझचं ॲप पहिल्यांदा दाखवतं काय, तर आकडा.

दोन_पोरांची_आई

शिक्षक नाही, पण भोगणाऱ्यांपैकी आहे. मुलगी सातवीत, खाजगी शाळेत. नाव घेत नाही. रोज रात्री आठ वाजता ग्रुपवर लिंक येते, दहा मिनिटांत सोडवायची. आठ वाजता आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या, धाकट्याची रडारड, आणि फोन नवऱ्याकडे, तो लोकलमध्ये. धावतपळत सोडवलं की साडेआठला ग्रुपवर पहिल्या दहांची यादी. त्यातली निम्मी उत्तरं आईबापांनी दिलेली असतात, हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. मागच्या आठवड्यात मीही 'प्रकाशसंश्लेषण' सोडवून दिलं. माझा नंबर चौथा आला. :)

हसण्यावारी नेतेय, पण मुलीने विचारलं, "आई, माझा खरा नंबर कितवा असेल?" त्यावर काय उत्तर द्यायचं?

आणि एक. त्या ॲपने मुलीचा ईमेल, जन्मतारीख, शाळेचं नाव मागितलं. कोणी विचारलं आम्हाला? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. शाळेत विचारलं तर म्हणाले, सगळेच पालक भरतात.

खडूची_भुकटी

@दोन_पोरांची_आई, वाचून वाईट वाटलं. मी कार्डांना मुलांची नावं जोडतच नाही, नुसता हजेरी क्रमांक. आठ क्रमांक म्हणजे कोण, ते माझ्या वहीत. ॲपला काय करायचंय नावाचं? गूगल फॉर्म्समध्येही ईमेल गोळा करण्याचं बटण बंद करता येतं. आणि घरी क्विझ मी पाठवतच नाही. मला मुलाचा गोंधळ बघायचा असतो, आईचा नाही.

@निवृत्त_मास्तर, पाटीबद्दल शंभर टक्के मान्य. उलट आता माझ्या डोक्यात असं आलंय की आधी पाटी घ्यायची, त्यावर जी चुकीची उत्तरं येतील तीच पुढच्या वर्षी कार्डांचे पर्याय. सध्या मी जुन्या चाचण्यांच्या वह्यांतून उतरवते. घरात बसून कल्पनेने काढलेले चुकीचे पर्याय कोणी धरतच नाही.

कोकणकडा

सिंधुदुर्ग, जि. प. शाळा, दोन शिक्षकी. जून ते सप्टेंबर वीज आणि नेट दोन्ही देवाच्या भरवशावर, त्यामुळे 'ऑनलाइन' शब्दाला आमच्याकडे मोसमी अर्थ आहे.

कहूत (टॅबवर खेळायचा क्विझचा खेळ) एकदा केलं होतं, केंद्रशाळेतून टॅब आणून. संगीत लागलं, पोरं बाकावर चढली, शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले. मजा प्रचंड. शिकणं किती झालं ते सांगतो. त्यात बरोबर उत्तराला हजारापर्यंत गुण, जितकं लवकर दाबाल तितके जास्त. पाचवीतला एक पोरगा नेहमी मागे असतो, तो त्या दिवशी तिसरा. विचारलं कसं काय? "गुरुजी, वाचायचाच नाय. लाल दाबायचा. लागला तर हजार." चार पर्यायांत अंदाजपंचे एक बरोबर येणारच. आणि जी मुलगी प्रत्येक प्रश्न ओठ हलवत वाचते, खरं तर वर्गात सगळ्यात चांगली, ती चौदावी. वेळेचे गुण बंद करता येतात हे नंतर कळलं. बंद केले आणि पोरं म्हणाली, आता मजा नाय. :D

आता महिन्यातून एकदा खेळ म्हणून कहूत, कुठेही नोंद नाही. बाकी प्लिकर्स. नेट तेवढं माझ्या फोनला लागतं, ते शाळेच्या मागच्या आंब्याखाली येतं. म्हणून पावसाळ्यात पाटी आणि उन्हाळ्यात वर्ग आंब्याखाली.

टंकभूत

क्विझमध्ये मराठी टंकून उत्तर घेणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. बहिणीच्या शाळेसाठी गूगल फॉर्मवर व्याकरणाची चाचणी बनवून दिली होती. प्रश्न: 'वारा' या शब्दाचं सामान्यरूप लिहा. उत्तर: वाऱ्या. वर्गातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना शून्य, आणि पडद्यावर बघाल तर सगळ्यांनी 'वाऱ्या'च लिहिलेलं.

कारण असं: ते अर्ध्या र चं वळण दोन रीतींनी टंकता येतं. एका रीतीत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, य. दुसरीत साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, यंत्राला दोन वेगळे शब्द. फोनचा कीबोर्ड बदलला की रीत बदलते. तेच '४' आणि इंग्रजी आकड्यातला चार यांचं. तेच शब्दामागे चुकून पडलेल्या जागेचं. फॉर्म उत्तर जसंच्या तसं जुळवतो, त्याला दयामाया नाही.

उपाय: उत्तरपत्रिकेत दोन्ही रूपं 'बरोबर' म्हणून भरून ठेवा, किंवा टंकून घेण्याच्या प्रश्नांना गुण देऊच नका, स्वतः वाचा. ऊर्जा/उर्जा मध्ये तर अजूनच पेच. विज्ञानाच्या तासाला ऱ्हस्व-दीर्घाचा गुण कापायचा का, हे तुमच्या आधी यंत्र ठरवून टाकतं.

निवृत्त_मास्तर

@टंकभूत, म्हणजे आता शुद्धलेखनात न दिसणाऱ्या चुकाही आल्या! आमच्या वेळी दिसणाऱ्याच पुरेशा होत्या.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत स्वयंसेवक आहे. आमचा प्रश्न निराळा: वर्ग आठवड्यातून एकदा, दीड तास. मधल्या सात दिवसांत मराठी कानावर पडते ती आजीच्या व्हिडिओ कॉलपुरती. म्हणून आम्ही क्विझ शेवटी नाही, तास सुरू होताना घेतो, मागच्या रविवारच्या गोष्टींवर. आठवायचा प्रयत्न केल्यानेच गोष्ट डोक्यात पक्की बसते, रोडिगर आणि कार्पिक यांचे २००६ मधले प्रयोग याबद्दलचेच आहेत. परत परत वाचण्यापेक्षा आठवून बघणं काही दिवसांनंतर जास्त टिकलं.

पर्यायांचं म्हणाल तर अक्षरओळखीत आम्हाला खजिना मिळाला. आधी घराचं चित्र दाखवून घर, कमळ, नदी, आंबा असे पर्याय द्यायचो. सगळ्यांचं बरोबर. मग पर्याय केले घर, धर, घट, धट. तेव्हा कळलं की वर्गातली पाच मुलं घ आणि ध एकच समजून चालली आहेत, नुसत्या 'र'वरून अंदाज मारत होती. भ-म चं तसंच. आम्ही सगळ्यांना बाराखडी पुन्हा गिरवायला देणार होतो, गरज होती फक्त ती एक गाठ सोडवण्याची.

चष्मेबहाद्दर

@सातासमुद्रापार, उत्तम उदाहरण. असे पर्याय असले की क्विझ बोलायला लागते.

निकाल बघून पुढे काय करायचं त्याचा एक ढोबळ आडाखा देतो. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९० च्या दशकापासून असं करत आले: प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. तीस टक्क्यांहून कमी बरोबर, तर पुन्हा शिकवायचं. सत्तरच्या वर, तर थोडक्यात सांगून पुढे. मधे असेल तर उत्तर सांगायचंच नाही. शेजारच्याशी वाद घाला, त्याला पटवा, मग पुन्हा तोच प्रश्न. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरं बहुधा वाढतात, कारण नुकतं समजलेल्याला न समजलेल्याची अडचण मास्तरापेक्षा ताजी आठवते.

माझ्या बी.एड.च्या वर्गात मी हा प्रश्न टाकतो: उन्हाळा का येतो? पर्यायांत 'पृथ्वी सूर्याच्या जवळ येते' ठेवतो. विज्ञानाचे पदवीधरसुद्धा भरपूर संख्येने तो धरतात. मग सांगतो, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालून बसलेलो असतो तेव्हा. त्यावर जी शांतता पसरते, ती मला कुठल्याही आलेखापेक्षा जास्त सांगते.

दोन_पोरांची_आई

मी पण तोच पर्याय धरला असता. नवऱ्याला विचारलं, त्यानेही. तो इंजिनियर आहे.

नवाकोरा_मास्तर

बाकी काही असो, आता एआयला धडा दिला की दोन मिनिटांत वीस प्रश्न पर्यायांसकट तयार. क्विझिझमध्ये (आता त्याचं नाव वेग्राउंड केलंय) ती सोय आतच आहे. एवढा वेळ घालवायची गरज काय?

खडूची_भुकटी

@नवाकोरा_मास्तर, करून बघितलं. भाषा सफाईदार, प्रश्न धड्यातलेच. पण दशांशाच्या प्रश्नाला पर्याय आले ०.६, ०.५, ०.४, ०.२. यात कोणी चुकणार तरी कसा? सगळे एकाच घराचे. मग मी त्याला सांगितलं की 'आकडे जास्त म्हणजे संख्या मोठी' असं समजणाऱ्या मुलासाठी एक पर्याय दे आणि उलट समजणाऱ्यासाठी एक, तेव्हा बरे आले. म्हणजे मूल कुठे चुकतं ते आधी मला माहीत हवंच. तुमच्या वह्या तपासून झाल्या असतील तर एआय चांगला कारकून आहे.

गोलंदाज

अवांतर होईल कदाचित, पण दशांशात गोंधळ का होतो त्याचं एक कारण रोज टीव्हीवर असतं. ४.३ षटकं, ४.४, ४.५ आणि पुढचा चेंडू पडला की थेट ५! पोरांच्या डोक्यात पॉइंटनंतर सहाच घरं. आमच्या चिरंजीवांनी ४.५ च्या पुढची संख्या ५ अशी लिहून आणली होती वहीत, आणि मॅडमनी नुसती फुली मारली होती.

कोकणकडा

@गोलंदाज, अवांतर कसलं, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. त्यात आपणही वर्गात 'शून्य पॉइंट एकशे पंचवीस' असं वाचतो. 'एक, दोन, पाच' असं सुटं वाचायला हवं. पोरांची ती चूक आपल्या तोंडातून जाते.

खडूची_भुकटी

आठवड्याने परत आले, कबूल केल्याप्रमाणे नाही, तर राहवलं नाही म्हणून.

सोळा जणांचे दोन गट केले. शंभर घरांचा चौकोन छापून दिला, ०.३ रंगवा, ०.७५ रंगवा. 'आकडे कमी तेवढी संख्या मोठी' वाली सातही मुलं तीस घरं रंगवून थांबली आणि एकमेकांकडे बघायला लागली. मला काही बोलावं लागलं नाही. 'एकशे पंचवीस' वाल्यांना जास्त वेळ लागला. त्यातली दोघं अजून डळमळीत आहेत, त्यांना पैशांवरून घेतेय: ०.६ रुपये म्हणजे साठ पैसे. पैसे या पोरांनी कधी पाहिलेलेच नाहीत ही वेगळीच अडचण. सुचवा काही.

काल पाट्या वर करून घेतल्या, पर्याय न देता: ०.४ पेक्षा मोठी आणि ०.५ पेक्षा लहान अशी कुठलीही एक संख्या लिहा. ३१ हजर, २६ बरोबर. दोघांनी लिहिलं 'नाही'. एकाने ०.४½ लिहिलंय, त्याची पाटी मी फोटो काढून ठेवली. मास्तर, तुमचा महाभाग सापडला!

मग गोलंदाजांचं षटक वर्गात नेलं. ४.३ षटकं म्हणजे खरोखर किती षटकं? पाच मिनिटं नुसता गलका. शेवटी मागच्या बाकावरचा एक उठला आणि त्याने फळ्यावर लिहिलं: ४.३ = ४.५. सगळे ओरडले, चूक! तो म्हणाला, तीन बॉल म्हणजे अर्धी ओव्हर, मग साडेचारच की. घंटा झाली. फळा पुसू दिला नाही कोणी, अजून तसाच आहे. उद्या पहिला तास माझाच आहे.